वाडीची बाटली

भोर, ता. ५ सप्टेंबर १९३८

चि. दीनानाथ,

चार वर्षं तुला आशीर्वाद मनातल्या मनात देत आले, आज कागदावर देते. हे खुशालीचं पत्र नाही. तुझी खुशाली मला तुझ्या सुलूच्या पत्रांतून कळते. ती आपल्या आत्याला लिहिते हे तुला ठाऊक नसेल तर आता झालं. तिला रागावू नकोस.

कामाचं लिहिते. इथल्या सरकारी दवाखान्यातली बायकांची खोली, सहा खाटांची, ठेवावी की बंद करावी हे ठरवायला कमिटी बसली आहे. परवा शाळेत शिपाई आला आणि चौथीचा वर्ग चालू असतानाच कागद हातात देऊन गेला. चौदा ऑक्टोबरला मी साक्ष द्यायची आहे. का, तर पुण्याच्या खाजगी हॉस्पिटलातही खाटेवर पडलेली आणि इथल्या खोलीतही पडलेली अशी भोरात त्यांना मी एकटीच सापडले. दोन्हीकडचा अनुभव मी सांगावा, अशी त्यांची इच्छा आहे. सोबत एका अर्जाची नक्कल होती. खोली बंद केल्यास इकडच्या बायकांना पुण्यात आपल्या हॉस्पिटलात घ्यायची एका डॉक्टरांची तयारी आहे, असं त्यात लिहिलेलं. खाली सही तुझी. वडिलांसारखीच, शेवटचं अक्षर उगाच लांब ओढलेली.

खोली ठेवावी, असं मी सांगणार आहे. तुझ्या पाठीमागे सांगायचं नव्हतं म्हणून आधी तुला कळवते.

तुझ्या हॉस्पिटलाविषयी खोटं काही सांगणार नाही. चौतीस साली विषमज्वराने मी तिथे बेचाळीस दिवस होते. चादर रोज बदलली जायची. उशाशी घंटा होती. दर चार तासांनी नर्स छोट्या पेल्यात औषध घेऊन यायची, आणि माझा डोळा लागलेला असला तर जराशी थांबून मग उठवायची. मी वाचले ती तिथे वाचले. पण त्या बेचाळीस दिवसांत मला कोणी काही खरं सांगितलं नाही. ताप किती आहे विचारलं की नर्स हसायची. आणखी काही विचारलं की तू म्हणायचास, "अक्का, तू त्याचा विचार करू नकोस."

इथल्या खोलीत यंदा चैत्रात अकरा दिवस होते. शाळेच्या पायरीवरून पडले आणि घोटा मोडला. इथे चादर घरून न्यायची, तांब्या-भांडं घरून, औषधाची बाटलीसुद्धा घरून. घंटा नाही. हाक मारायची, आणि गेनबा शिपायाच्या कानापर्यंत पोचली तर तो येतो. मागच्या पडवीत सगळ्यांच्या चुली, त्यामुळे दुपारभर डोळ्यांत धूर. आणि गुपित असं काही नाही. डॉक्टरांनी खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, "बाई, पाय थोडा वाकडा राहील. इथे याहून नीट बसवता येत नाही." तसाच तो राहिला. तुझ्याकडे आले असते तर सरळ बसला असता, हेही मी कमिटीला सांगणार आहे.

आईविषयी लिहिणार नाही.

तुझी अक्का

भोर, ता. १७ सप्टेंबर १९३८

चि. दीनानाथ,

उत्तर मिळालं. इंग्रजीत, टाइप केलेलं, सही तुझ्या कारकुनाची. माझं इंग्रजी तू विसरला नाहीस याचं बरं वाटलं.

त्यातला एक आकडा मात्र चांगलाच लागला. गेल्या वर्षी या खोलीतून औषध घेऊन घरी गेलेल्या त्रेसष्ट बायकांपैकी एक्केचाळीस जणींनी ते अर्धवट टाकलं. खेड्यातल्या बायकांना नियम पाळता येत नाही, त्यांना पुण्यात देखरेखीखाली ठेवल्यावाचून गुण यायचा नाही, असं तुझं म्हणणं. मी लगेच दवाखान्यात जाऊन रजिस्टर पाहिलं. आकडा खरा आहे. डॉक्टरांच्या हातचा तोच शेरा पानोपानी, "औषध पुरं घेतलं नाही." कमिटी याच्याच जोरावर खोली बंद करणार, आणि माझ्याकडे याचं उत्तर नाही.

मी रजिस्टर चाळत असतानाच बाळाबाई आली. ही वेल्ह्याकडच्या डोंगरातली, पन्नाशीची. चैत्रात माझ्या शेजारच्या खाटेवर होती. मला उठता येत नव्हतं तेव्हा माझी वेणी तिने घातली आहे. हिवतापाने तिची पानथरी, तुम्ही डॉक्टर प्लीहा म्हणता ती, पोटात हाताला लागेल इतकी वाढली आहे. वर्षात ही तिची चौथी खेप. डॉक्टर तिला पाहूनच भडकले.

"आठ दिवसांचं कोयनेल दिलं होतं. घेतलंस?"

"घेतलं की."

"आठ दिवस?"

"चार दिस घेतलं."

"चारच!"

वर डॉक्टर म्हणाले, "मरायचं असेल तर घरीच मर, इतकी पायपीट कशाला करतेस?" मला ते बोलणं आवडलं नाही, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला मीसुद्धा तिच्यावर तितकीच चिडले होते. बाहेर पडवीत तिला गाठून मी विचारलं. आधी नुसती हसली. मग म्हणाली, "बाई, तुमास्नी हितं बसून न्हाई कळायचं. वाडीवर या येकदा."

तिला बोलायला काय, बोलून गेली. मी मात्र जाणार आहे. तिला चार दिवस खोलीत ठेवून घेतलंय. तिचा नवरा कोंडिबा बुधवारी तिला न्यायला गाडी घेऊन नसरापुरापर्यंत येईल, त्याच गाडीतून मी जाते. शाळेतून तीन दिवसांची रजा काढली आहे. वाकड्या पायाने डोंगर कसा चढणार म्हणून तू हसशील. हस.

अक्का

भोर, ता. २८ सप्टेंबर १९३८

चि. दीनानाथ,

जाऊन आले. मोटार कामथडीला तासभर बंद पडली, नसरापूरपासून पुढे कोंडिबाच्या बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, आणि शेवटचा चढ मी बाळाबाईच्या खांद्याला धरून चढले. आजारी कोण आणि कोण कोणाला नेतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं. वाडी अठरा घरांची. भाताच्या खाचरांवर खाचरं, आणि मध्येच उंचावर ही घरं.

आता नीट वाच. तुझ्या आकड्याचं उत्तर मिळालं आहे.

या अठरा घरांत मिळून बाटली एक आहे.

दवाखान्यात औषध हवं तर बाटली आपली न्यावी लागते, हे मी तुला मागे लिहिलं होतंच. लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्या घरात रिकाम्या बाटल्या फळीभर आहेत. इथे रॉकेलसुद्धा डब्यातून येतं, आणि काचेची वस्तू डोंगर चढून येणार कुठून? ती एक बाटली बाळाबाईच्या घरी शिंक्यात टांगलेली असते. जो दवाखान्यात जाईल तो मागून नेतो. आणि वाडीचा नियम असा, की नवा माणूस तापाने पडला की बाटली त्याची. आधीच्याचे चार दिवस झालेले असोत नाही तर दोन.

मी विचारलं, "मग उरलेलं औषध?"

कोंडिबा म्हणाला, "तांब्यात वततो की. टाकत न्हाई आमी. पन दुसऱ्या दिशी हिरवं व्हतंय, त्वांडात धरवत न्हाई."

पितळेचा तांब्या, दीनानाथ. त्यात ते आम्ल घातलेलं कोयनेल रात्रभर ठेवायचं. कळकणार नाही तर काय होईल? एकदा एका पोराला त्याने ओकाऱ्या झाल्या, तेव्हापासून दुसऱ्या दिवशी राहिलेलं फेकून देतात. आजूबाजूच्या वाड्यांतही हेच, असं कोंडिबा म्हणतो. झालं, रजिस्टरात शेरा पडला, "औषध पुरं घेतलं नाही."

"हे तू डॉक्टरांना का सांगितलं नाहीस?" असं मी बाळाबाईला विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू? आमच्या वाडीला बाटली न्हाई म्हनून? लाज वाटती."

लाज मला वाटली. अकरा दिवस हिच्या शेजारी पडून होते आणि एकदाही विचारलं नाही.

आता पुढचं. हे लिहायचं की नाही यात माझे चार दिवस गेले.

बाळाबाईने शिंक्यातून बाटली काढून मला दाखवली. हिरवी, चौकोनी, आखूड मानेची. खांद्यावर टवका उडालेला. हा टवका मी ओळखते. वडिलांच्या गुलाबपाण्याची ती बाटली. मी सात वर्षांची असताना माझ्या हातून ती उंबऱ्यावर आपटली आणि मी तुझं नाव सांगितलं. तू चार वर्षांचा. वडिलांनी तुझा कान पिरगळला होता. तुला आठवत नसेल, पण मला आठवतं.

मी तिला विचारलं, ही तुझ्याकडे कशी आली. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"चार साल झाली. म्या पहिल्यांदा हिवतापानं दवाखान्यात आले, तवा शेजारच्या खाटंवर येक म्हातारी बामनीन व्हती. लई ताप. तिच्यापाशी तिचं कुनी नव्हतं. म्या पानी पाजायचे. पयल्या दिशी नको म्हनली, दुसऱ्या दिशी घेतलं. म्या घरला निघाले तर माझ्यापाशी बाटली न्हाई. कंपौंडर म्हनला, बाटली आन, मग औषध. तर म्हातारी म्हनली, ही घे. म्या म्हनलं, आजी, तुमास्नी? तर म्हनली, घे ग, माझा ल्योक पुन्याला डाक्टर हाय. त्येच्याकडं बाटल्यांना काय तोटा."

दुसऱ्या दिवशी आई गेली, हे बाळाबाईला तोवर ठाऊक नव्हतं. म्हातारीचं नावही ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं. तिने पदराने बाटली पुसली आणि पुन्हा शिंक्यात ठेवली.

अक्का

भोर, ता. १० ऑक्टोबर १९३८

चि. दीनू,

तुझ्या हातचं पत्र चार वर्षांनी पाहिलं. एकच ओळ आहे, तरी दहा वेळा वाचली. आईने शेवटी तुला हाक मारली का, एवढंच विचारलं आहेस.

नाही मारली. मी बाळाबाईला मुद्दाम विचारून घेतलं आहे. आदल्या दिवशी ती निघेपर्यंत आई माझ्याविषयी दोनदा एवढंच म्हणाली, "सौदामिनीचा ताप उतरला का?" तुझा मोटारवाला निरोप घेऊन आला होता, उतरतोय म्हणून. त्यावर ती म्हणाली, "मग झालं." तू माझ्यापाशी आहेस हे तिला ठाऊक होतं, आणि तुला तिथेच ठेवायचं तिच्या मनात होतं. दोघी तापाने पडलेल्या असताना तू एकीला मोटारीत घातलंस आणि दुसरीला इथे ठेवलंस. आईला कात्रजचा घाट झेपला नसता. तू बरोबर केलंस, हे मी चार वर्षांत तुला सांगितलं नाही. आज सांगते.

पण एक माझंही सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी चौदा तारखेला तोंड उघडू नये असं मला वाटतं.

आई गेली ते बावीस दिवस तू माझ्यापासून लपवलंस, म्हणून मी तुझ्याशी बोलणं टाकलं. सगळ्या नातलगांना मी हेच सांगितलं, आणि त्यांनी तुला दोषही दिला. खरं असं आहे की मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तू माझ्या खाटेशी टोपी घालून येऊ लागलास. हॉस्पिटलात कधी टोपी न घालणारा तू, उकाड्यात, कानापर्यंत ओढलेली टोपी घालून नाडी बघायचास. भोरात वाढलेल्या बाईला त्या टोपीखाली काय आहे हे कळत नाही का? आईचं करून, केस उतरवून आला होतास तू. मी पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. एक प्रश्न विचारला असता तर तू खोटं बोलू शकला नसतास. मी विचारला नाही. चादर पांढरी होती, रस वेळेवर येत होता, आणि कोणीतरी मला सांगत होतं की विचार करू नकोस. मला ते बरं वाटत होतं. घरी आल्यावर मात्र मी तुझ्यावर अशी तुटून पडले, जणू मला त्याच दिवशी कळलं.

बाळाबाईलाही कोणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. मीही तेच केलं, एवढंच मला तिच्याकडून कळलं.

आता कामाचं. तुझ्या हॉस्पिटलाच्या मागच्या बोळात रिकाम्या बाटल्यांचा ढीग असतो. माझ्या खिडकीतून दिसायचा, बेचाळीस दिवस पाहिलाय. त्या मला हव्यात. धुऊन, उकळून, बुचांसकट, आणि वर डोस मोजायला दाते कापलेल्या कागदी पट्ट्या चिकटवून. अर्ज मागे घे किंवा घेऊ नकोस, ते तुझं तू बघ. मी माझी साक्ष बदलणार नाही. पण आई एका परक्या बाईला शब्द देऊन गेली आहे की तुझ्याकडे बाटल्यांना तोटा नाही. तो शब्द खोटा पडता कामा नये.

चौदा तारखेच्या आत पाठव. बाळाबाई हिरवी बाटली घेऊन पुन्हा फणफणून आली आहे, खिडकीजवळच्या खाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, या खेपेला औषध पुरं पोटात गेलं नाही तर पुढची खेप होणार नाही.

अक्का

भोर, ता. १५ ऑक्टोबर १९३८

चि. दीनू,

तेरा तारखेच्या संध्याकाळच्या मोटारीने दोन करंड्या उतरल्या. आत भाताचा पेंढा आणि पेंढ्यात बाटल्या. चिठ्ठी नाही. पण पट्ट्या तुझ्याच हातच्या आहेत, कारकुनाच्या नाहीत. लहानपणी पतंगाचा कागद कापायचास तसेच दाते पडलेले आहेत, एक मोठा एक बारीक. इतक्या साऱ्या तू एकट्याने बसून कापल्यास का?

आणि अर्जही मागे घेतला नाहीस. दोन्ही गोष्टी तुलाच शोभतात.

साक्षीचं सांगते. कमिटीचे तिघे जण होते आणि आमचे डॉक्टर. मी उभ्याने बोलले, बसायला सांगितलं तरी. तुझ्याकडची घंटा, चादर, नर्स सगळं सांगितलं. माझा पाय चालून दाखवला. मग म्हटलं, "पुण्याला माझं औषध एकदाही चुकलं नाही, पण मला खरं कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. इथे सगळं खरं कळलं, पण बायकांचं औषध चुकतं." आणि आईची हिरवी बाटली टेबलावर ठेवली. अठरा घरं, एक बाटली, पितळेचा तांब्या, सगळं सांगितलं. डॉक्टर खाली मान घालून ऐकत होते. शेवटी त्यांनीच उठून सांगितलं, "तो शेरा माझा आहे. मी कारण विचारायला हवं होतं." मला तो माणूस चांगला वाटला.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, उद्या तुम्हाला पुन्हा विषमज्वर झाला तर तुम्ही कुठे जाल? खरं सांगा."

मी खरं सांगितलं. "भावाकडे जाईन. पण या खोलीतल्या बायकांचा भाऊ पुण्यात डॉक्टर नाही."

खोली वर्षभर राहणार आहे. औषध दवाखान्याच्या बाटलीतून द्यायचं, बाटली परत आणायची, आणि वर्षाने रजिस्टर पुन्हा बघायचं, असं ठरलं. तुझा अर्ज तोपर्यंत तसाच ठेवलाय. म्हणजे मला अजून वर्षभर तुझ्याशी भांडायचं आहे. माझी तयारी आहे. रविवारी शाळेतल्या मोठ्या मुलींना घेऊन मी दवाखान्यात बसणार, आणि औषध नेणाऱ्या प्रत्येक बाईला विचारणार, घरी कशात ठेवतेस, कोण देतं, आणखी कोण आजारी आहे.

बाळाबाईच्या औषधाचा आज सहावा दिवस. पहिले चार दिवस मी घरच्या बाटलीतून दिलं, आता तुझी आली आहे. ताप नाही. ती बाटली उजेडाकडे धरून पट्टीवरच्या खुणा मोजते आणि खाली राहिलेल्या दोन खुणांवर बोट ठेवून मला दाखवते. वाडीला म्हणून मी तिला अठरा बाटल्या बांधून दिल्या आहेत. तिने हिरवी बाटली माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "ही तुमच्या आईची. आमचं काम झालं. आता तुमी ठेवा."

मी ठेवलेली नाही. तुलाही पाठवत नाही, टपालात फुटेल. ती बायकांच्या खोलीत खिडकीत ठेवली आहे, आईची खाट होती तिच्या वरच. बाळाबाईने जागा दाखवली.

न्यायची असेल तर स्वतः येऊन ने. येताना टोपी घालू नकोस.

तुझी अक्का